कोंड्याचं बिस्कीट आणि चंद्रभानरावांची जीभ

चंद्रभानराव पंगतीला बसले की आचारी भट्टीमागं जाऊन उभा राहायचा. पोखर्णीच्या अलीकडं त्यांचं गाव. त्या पंचक्रोशीत असं एकही लग्न, बारसं किंवा तेराव्याचं जेवण झालं नसेल जिथं पहिल्या घासाला त्यांनी मान वाकडी केली नाही. भागवत आचारी तर सुपारी घेतानाच यजमानाला विचारायचा, "चंद्रभानराव येणार हायत का? येणार असले तर दुसरा आचारी बगा."

माणूस भांडखोर नव्हता हो. आवाज कधी चढला नाही, ताट कधी सरकवलं नाही. घास आत गेला की जीभ जे सांगेल ते जसंच्या तसं तोंडातून बाहेर यायचं, एवढंच. मधे फाटक नव्हतं. "तेल तापायच्या आधीच मोहरी टाकली." "ही बुंदी कालची हाय." "वरण राखणाऱ्याचं ध्यान दुसरीकडं होतं, खाली लागलंय." आणि वाईट म्हणजे हे बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकीचा ठपका माणूस एक वेळ सोसतो, बरोबर ठपका सोसत नाही. एवढी नावं ठेवून पुन्हा हा गृहस्थ ताटात शितसुद्धा ठेवत नसे, त्यामुळं लोक आणखीच चिडत.

घरी त्यांच्या पत्नी कमलबाई तीस-पस्तीस वर्षं हे ऐकत आल्या होत्या. ऐकायच्या आणि भाकरी थापायच्या. कधी फार झालं तर म्हणायच्या, "उद्यापासून तुमीच रांधा." चंद्रभानरावांना चहासुद्धा करता येत नव्हता, म्हणून विषय तिथंच मिटायचा.

विषय मिटेना झाला तो मुलाच्या लग्नापायी. हरिओम एकुलता एक. गावात पिठाची गिरणी, ज्वारी पॉलिश करायचं मशीन, थोडी शेती, निर्व्यसनी पोरगा. पण पाथरीला मुलगी बघायला गेले तर चंद्रभानराव पोह्यांचा पहिला घास घेऊन म्हणाले, "पोहे भिजवले का बुडवले?" ते स्थळ पोह्यातच बुडालं. चुडाव्याला गेले तेव्हा कमलबाईंनी त्यांच्या मांडीला चिमटा काढून ठेवला होता. तरी चहाचा घोट घेतल्यावर त्यांच्या तोंडून गेलंच, "दूध निवतं टाकलंय." मुलीच्या मामानं परतीची गाडी कधी आहे ते कुणी न विचारता सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी तर ते एक शब्द बोलले नाहीत, नुसता चेहरा केला. तेवढ्यानंही भागलं.

मग कमलबाईंनी नवऱ्याला पोखर्णीच्या नरसिंहापुढं उभं केलं. शपथेचे शब्द त्यांनी घरूनच ठरवून आणले होते: सून घरात आली की कोण्याबी माणसाला जेवणातलं वंगाळ सांगणार न्हाई. चंद्रभानराव शब्दामागं शब्द म्हणाले. हिरण्यकशिपूचं पोट कुणी फाडलं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि स्वतःच्या पोटावर त्यांचा फार जीव होता.

देवाचा विनोद असा, की यानंतर जी सून आली ती अन्न या विषयातच शिकलेली. भक्ती परभणीची. तिथल्या कॉलेजात ती पीएचडी करत होती आणि तिचा विषय होता ज्वारीचा कोंडा. हरिओमची आणि तिची ओळखच त्यातून झाली होती. तांबडी ज्वारी पॉलिश करताना जो कोंडा निघतो तो न्यायला ती गिरणीवर यायची. कोंडा न्यायला आलेली पोरगी शेवटी गिरणीसकट पोराला घेऊन बसली, असं शेजारची दगडाबाई म्हणायची.

ज्वारीच्या दाण्याचं सालपट म्हणजे दाण्याचं चिलखत, असं भक्ती समजावून सांगायची. ऊन, कीड, बुरशी यांच्यापासून दाण्याला वाचवणारी द्रव्यं त्यातच साठलेली असतात, आणि तीच द्रव्यं माणसाच्या पोटात गेली तर शरीराची झीज आवरायला हातभार लावतात. आपण मात्र दाणा पांढराशुभ्र करून खातो आणि सगळं भलं म्हशीला घालतो. म्हणून कोंडा स्पिरिट आणि पाण्यात भिजवायचा, गाळायचा, स्पिरिट उडून जाऊ द्यायचं, मागं विटकरी रंगाची भुकटी उरते. तो अर्क. तो बिस्किटात घालायचा.

गावानं यातलं एकच वाक्य उचललं: चंद्रभानरावाची सून कोंडा दारूत भिजवती. दोन-तीन जण विज्ञानाची आवड असल्यासारखे दोन दिवस घराभोवती घुटमळले, आणि बिस्कीट कोरडं आहे असं कळल्यावर निघून गेले. कमलबाई मात्र छाती फुगवून सांगायच्या, "आमची सून कोंड्याचा मांडा करती." म्हणी खऱ्या करून दाखवणारी सून पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

इकडं चंद्रभानरावांचे हाल कुत्रं खाईना. सून स्वयंपाकाला बरी होती, वाईट नव्हती, पण प्रयोगशाळेतल्या माणसाचा हात. सगळं मोजून, पण फोडणी घाईत. पहिल्याच दिवशी वरणात हिंग शेवटी पडलेला त्यांच्या जिभेनं पकडला. शब्द दातांपर्यंत आला. समोर कमलबाई उलथनं घेऊन उभ्या. त्यांनी घास गिळला, वर शब्दही गिळला आणि म्हणाले, "चांगलंय." भक्तीचा चेहरा असा खुलला की त्यांनाही बरं वाटलं. पोर गोड होती. पहाटे उठून त्यांच्या गुडघ्याला तेल लावून द्यायची, सासऱ्याला मामा-मामा करत गिरणीवर डबा आणायची. तिला दुखवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. पण जीभ मनाला विचारून चालत नाही.

शेवटी त्यांना वाट सापडली. शपथेत 'माणसाला' असं होतं. म्हशीचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

जेवण झालं की चंद्रभानराव हात धुऊन गोठ्यात जाऊ लागले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून खालच्या आवाजात सगळं सांगायचे. "आज भाजीत कूट जास्ती झालं गं. कढीला उकळी फुटू दिली, फाटली." म्हैस ऐकून घ्यायची. कोंडा कॉलेजात जायला लागल्यापासून तिच्या घमेल्यात नुसती डाळीची चुनी येत होती, त्यामुळं घरातल्या स्वयंपाकाविषयी तिचंही मत फारसं बरं नसावं. पाच मिनिटांत चंद्रभानराव हलके होऊन बाहेर यायचे. कमलबाईंना वाटायचं, म्हातारपणी माणूस जनावराला जीव लावायला लागला. असे आठेक महिने गेले आणि घरात कधी नव्हे ती शांतता नांदली.

मग आला चव घेण्याचा दिवस.

अर्क किती घालायचा, हे भक्तीला ठरवायचं होतं. थोडा, मध्यम आणि भरपूर, अशी तीन प्रकारची बिस्किटं तिनं केली. कोणतं कोणतं ते खाणाऱ्याला कळू नये म्हणून ताटल्यांवर नुसते आकडे टाकले. रविवारी अंगणात सतरंजी अंथरली आणि गावातली पन्नासेक माणसं बोलावली. प्रत्येकानं खायचं आणि एक ते नऊ यातला नंबर द्यायचा. एक म्हणजे मुळीच आवडलं नाही, नऊ म्हणजे फार आवडलं.

"हे आकडे मटक्याचे हायत का?" एकानं ताटलीकडं बघत विचारलं.

"काका, खरं खरं सांगायचं बरं का," भक्ती प्रत्येकाला विनवत होती. "मला वाईट वाटणार नाही."

वाईट वाटणार नाही असं सांगणाऱ्या नव्या सुनेला तिच्याच अंगणात बसून, तिच्या सासूसमोर वाईट कोण सांगतो? आपल्याकडं दुसऱ्याच्या घरी मिठाऐवजी साखर पडलेलं पिठलं खाल्लं तरी माणूस "झकास" म्हणतो आणि घरी जाऊन पाणी पितो. दगडाबाईनं तिन्ही बिस्किटं न खाताच पदरात बांधली आणि सांगितलं, "नऊ, नऊ, नऊ. लिही बाई." एकानं दहा का नाहीत म्हणून वाद घातला. शाळेतले धम्मपाल सर शिकलेले, सत्यप्रिय माणूस. त्यांनी एका बिस्किटाला धीर करून साडेआठ दिले. फाटकापर्यंत गेले, तिथं थबकले, परत आले आणि म्हणाले, "ताई, त्याचं नऊ करा. उगं मनाला लागायलंय."

सगळ्यात शेवटी भक्ती ताटल्या घेऊन सासऱ्यांकडं आली. पहिलं बिस्कीट बरं होतं. दुसरं जिभेला थोडं धरत होतं. तिसरं आधी गोड लागलं, आणि घास गिळताच चंद्रभानरावांची जीभ कच्चं जांभूळ चावल्यासारखी आकसली. टाळू, हिरड्या, गाल, सगळं एका जागी गोळा झालं. डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, किती?"

चंद्रभानरावांनी कमलबाईंकडं पाहिलं. कमलबाईंनी पोखर्णीच्या दिशेला पाहिलं.

"नऊ," ते म्हणाले.

संध्याकाळी भक्ती हरिओमशी बोलताना त्यांनी ऐकलं. तिन्ही बिस्किटांना सारखेच नऊ पडले म्हणजे लोकांना तिन्ही सारखीच आवडली. मग ज्यात अर्क सगळ्यात जास्त तेच घ्यायचं, कारण गुण त्यातच जास्त. तिसरं. पाथरीच्या एका बेकरीवाल्यानं पहिला मोठा घाणा काढायचं कबूल केलं होतं, तो बुधवारी येणार होता. बिस्किटं पाथरीत खपली तर तो पुढंही करणार, नाहीतर असल्या भानगडीत पुन्हा पडणार नाही असं त्यानं आधीच बजावलं होतं.

"मी चार महिने रोज तेच खातेय," भक्ती म्हणत होती, "माझी जीभ आता मला काही सांगतच नाही. बरं झालं लोकांनी सांगितलं."

हे ऐकून चंद्रभानराव खाली बसून हिशेब करू लागले. तीन वर्षं त्या पोरीनं कोंड्यात घातली होती. आणि पाथरीची गिऱ्हाइकं काही तिच्या अंगणात बसून खाणार नव्हती. ती पहिल्या घासाला थुंकणार. सगळ्या गावात ती वस्तू काय आहे हे नेमकं कळलेला माणूस एकच, आणि त्याचं तोंड देवानं बांधलेलं. बोलावं तर शपथ मोडते, सून दुखावते, कदाचित बॅग भरून परभणीला जाते. न बोलावं तर तिचं वाटोळं होताना "चांगलंय" म्हणत बघायचं. आयुष्यभर ज्या जिभेनं शत्रू केले, तिचा एकदाच कुणाला उपयोग होणार होता, आणि नेमकी तेव्हाच ती कुलपात होती.

सकाळी ते गोठ्यात गेले. नेहमीसारखा म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग दारात येऊन त्यांनी हाक मारली.

"सूनबाई! चुनीचं घमेलं घेऊन ये जरा."

भक्ती घमेलं घेऊन आली.

"ठिव. आन हितंच थांब. तिकडं तोंड कर. तुज्याशी न्हाई, मी हिच्याशी बोलायलोय."

भक्ती गोंधळून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. चंद्रभानराव म्हशीकडं वळले आणि घसा खाकरून म्हणाले, "हे बग, ते तिसरं बिस्कीट लय खराब हाय. खाल्लं की जीभ आखडती. थुंकी आटती. माणूस दुसरा घास घेणार न्हाई. जाळलंय ते, भट्टी लय तापली असंल. दुसरं अर्धं खाल्लं जाईल. पैलं बरं हाय, पण चव म्हणावी अशी न्हाई, नुसतं बरं हाय."

एका दमात सगळं बाहेर पडलं. चंद्रभानरावांना वाटलं, झालं, पोर रडायली. मागं वळून बघायचा धीर होईना.

"म्हशीबाई," भिंतीकडून आवाज आला, "मामांना विचार, कडू लागतं की तुरट?"

चंद्रभानराव म्हशीच्या कानाशी वाकले. मग त्यांनी म्हशीला सांगितलं, "तिला सांग, कडू न्हाई. तुरट. निस्तं तुरट."

"लगेच लागतं, का घास गिळल्यावर?"

"गिळल्यावर. आधी गोडच लागतं, मागून धरतं."

"मग ते जळलेलं नाही, म्हशीबाई," भक्ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता घाईत आला होता. "भट्टीचं काही चुकलेलं नाही. कोंड्यातलंच एक द्रव्य तोंडातल्या लाळेला असं धरून बसतं. ते आधी काढून टाकता येतं, किंवा त्याच्यावर पिठाच्या सत्त्वाचं पांघरूण घालता येतं. मामांना सांग, त्यांचं कारण चुकलं, जीभ बरोबर आहे."

एवढ्यात दुधाची बादली घेऊन कमलबाई दारात आल्या. सासरा म्हशीशी बोलतोय, सून भिंतीशी बोलतेय, आणि म्हैस आळीपाळीनं दोघांकडं मान वळवतेय.

"आगं बाई," त्या म्हणाल्या, "दोघं बी गेले वाटतं कामातून!"

भक्तीनं वळून सगळं सांगितलं. सांगता सांगता ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. चंद्रभानराव खांबाला टेकून गुन्हेगारासारखे उभे. "मी माणसाला सांगितलं न्हाई," ते पुटपुटले, "कायद्यानं मी म्हशीला सांगितलं."

"मामा, म्हणजे आठ महिने तुम्ही हिला...? माझं वरण, भाजी, सगळं?"

"सगळं न्हाई," चंद्रभानराव म्हणाले. "परवाचा भात चांगला होता. त्या दिशी मी गोठ्यात आलोच न्हाई."

कमलबाईंनी बादली खाली ठेवली. सुनेचा चेहरा पाहिला. रुसवा नव्हता, उलट हरवलेली वस्तू सापडल्यासारखा चेहरा. मग नवऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "शपथ देवानं मागितली नव्हती, मी मागितली होती. शनिवारी जाऊन नारळ फोडू आन सोडवून घेऊ. पर पोरीचं काम बुडवू नका."

बेकरीवाल्याला पंधरा दिवस थांबवलं. भक्तीनं अर्क नव्यानं काढला, तो त्रासदायक भाग वेगळा केला, उरलेल्यावर पांघरूण घातलं, साखरेच्या जागी गूळ आणला. दर चार दिवसांनी परभणीहून डबा यायचा आणि चंद्रभानराव डोळे मिटून चावायचे. चार. पाच. पुन्हा चार, कारण गूळ पुढं पुढं करत होता. पोखर्णीला नारळ फुटलेला असल्यामुळं आता ते सुनेच्या तोंडावर बोलत होते. म्हैस मात्र जेवणानंतर दाराकडं बघत बसायची.

शेवटचं बिस्कीट ठरलं तेव्हा भक्तीनं पुन्हा अंगणात सतरंजी अंथरली. या वेळी तिनं सासऱ्यांना सगळ्यांत आधी बसवलं. चंद्रभानरावांनी बिस्कीट खाल्लं, सावकाश गिळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सात."

सख्ख्या सुनेला, चारचौघांत, सात! लोकांनी भक्तीकडं पाहिलं. भक्ती आनंदानं लिहीत होती.

मग गावाला कंठ फुटला. सहा, सात, पाच, आठ, तोंडाला येईल तो आकडा. धम्मपाल सरांनी साडेसहा दिले आणि या वेळी ते फाटकापाशी थांबले नाहीत. दगडाबाईनं बिस्कीट प्रत्यक्ष खाल्लं आणि सात दिल्यावर म्हणाली, "आता सांगते बाई, मागच्या बारीचं ते तिसरं माज्या नातवानं टाकलं, मंग कोंबडीला टाकलं, तर कोंबडीनं बी टोच मारून सोडून दिलं." सगळे हसले, सगळ्यात जोरात भक्ती. बेकरीवाल्याचा घाणा निघाला आणि पाथरीच्या बाजारात उठलाही. फार नाही, पण दुसरा काढण्याइतका.

ही बातमी हरिओमनं आणली त्या संध्याकाळी जेवायला अंबाडीची भाजी होती. कमलबाईंनी नवऱ्यापुढं ताट ठेवलं आणि परत ओट्याकडं न जाता समोरच बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"सुटलात न्हवं शपथेतून? साऱ्या गावासमोर सुनेला खरं सांगितलं. आता मला सांगा. आठ म्हैने 'चांगलंय, चांगलंय' ऐकून माजे कान किटले. मी बरं रांधायलेय का वंगाळ, माजं मलाच कळंना झालंय."

चंद्रभानरावांनी भाकरी मोडली आणि घास घेतला. मीठ पाहिलं, बेताचं. लसूण पाहिला, लाल होता, काळा नव्हता. भाजीतल्या ज्वारीच्या कण्या शिजलेल्या, पण त्यांचा लगदा झालेला नाही. आंबटपणा जिभेच्या कडेला जेवढा यावा तेवढाच. त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. शोधून शोधून जीभ रिकाम्या हातांनी परत आली.

"चांगली झाली," ते म्हणाले.

कमलबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे न्हाईच बोलणार तुमी."

"आगं खरंच चांगली झाली."

"हेच तर ऐकायलेय रोज." त्या उठायला लागल्या.

तेव्हा चंद्रभानरावांच्या ध्यानात आलं की काय होऊन बसलंय. ही बाई पस्तीस वर्षं ज्या एका शब्दाची वाट बघत होती, तो त्यांनी आठ महिने फुकट उधळला होता, आणि आता खरा द्यायची वेळ आली तर त्याला किंमत उरली नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं. घास हातात तसाच धरून ते म्हणाले, "कमल."

हरिओम आणि भक्ती दोघांनी माना वर केल्या. घरात हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. चंद्रभानराव बायकोला 'हरीची आई' म्हणत.

"कमल, बस खाली. हरीच्या आईला मी उगं चांगलंय म्हनत होतो, ते सोड. हे मी तुला सांगायलोय. या भाजीत काडीचा दोष न्हाई. मी धुंडाळला. घावला न्हाई."

कमलबाई बसल्या. पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "पुन्यांदा म्हना."

"काडीचा दोष न्हाई."

"आता खोटं वाटायलंय," कमलबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसत पुसत त्यांच्या ताटात भाजीची आणखी एक पळी वाढली.